फेसकिड्याचं नाव

वेस्ट विंडसर, १४ एप्रिल २०२४

प्रिय अनु,

फोन केला की ‘मीटिंगमध्ये आहे’ असा तुझा मेसेज येतो. रविवारीसुद्धा येतो. म्हणून कागदावर लिहितेय. आणि मराठीत, कारण इंग्रजीत लिहायला बसले की माझं पत्र पॅथॉलॉजीच्या रिपोर्टसारखं होतं. तू चौथीपर्यंत पुण्यात शिकलीस, तुला वाचता येईल. अडलंच तर नवरा आहे घरात, अमेय वाचून दाखवेल.

काही मागायला लिहीत नाहीये. एक बातमी आहे. तुझ्या बाबांना नवा किडा सापडलाय. नवा म्हणजे आजवर जगात कुणी ज्याचं वर्णन केलेलं नाही, ज्याला नाव नाही, असा. शेतकी प्रयोगशाळेत सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांनी शोधलेले किडे ओळखण्यात घालवली आणि रिटायर झाल्यावर हा हाताला लागला. इंग्रजीत स्पिटलबग. आपल्याकडच्या तुडतुड्यांचा भाऊबंद. त्याचं पिल्लू गवताच्या काडीवर बसून रस ओढतं आणि स्वतःभोवती फेस करून त्यात लपून राहतं. लांबून बघितलं तर कुणीतरी थुंकून गेलंय असं वाटतं. बाबा त्याला फेसकिडा म्हणतात.

कुठे सापडला ते लिहू की नको, असा विचार करत मघापासून बसलेय. लिहिते. प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या पार्किंगमध्ये शेवटची ओळ आहे, तिच्या कुंपणापलीकडे रुळांना लागून एक पाणथळ तुकडा आहे. तिथे. हो, तीच ओळ. तुझ्या भावाची गाडी त्या जानेवारीत जिथे उभी होती, तीच.

नील गेल्यापासून बाबा रोज तिथे जाऊन बसायचे, हे तुला माहीत नसेल. मलाही बरेच दिवस माहीत नव्हतं. लायब्ररीत जातो म्हणायचे. गाडीत बसून कुंपणाकडे बघत राहायचे. मग मे महिन्यात एकदा त्यांना कुंपणाच्या जाळीतून गवतावर फेस दिसला आणि ते गाडीतून उतरले. त्याआधी ते तिथे कधी उतरलेच नव्हते, असं त्यांनीच मला सांगितलं.

आता त्यांना गाडी चालवता येत नाही. पार्किन्सन्स आहे. मागच्या वर्षी निदान झालं. तुला कळवू नकोस म्हणाले होते, म्हणून कळवलं नव्हतं. हात इतका थरथरतो की चिमट्यात किडा धरला तर पाय तुटतात त्याचे. त्यामुळे कापाकापीचं काम आता माझ्याकडे आलंय. जन्मभर माणसांचे तुकडे काचेवर बघितले, आता हे.

तब्येतीला जप. उत्तर पाठवलंच पाहिजेस असं नाही.

तुझी,
आई


वेस्ट विंडसर, ९ जून २०२४

प्रिय अनु,

तुझा मेसेज मिळाला. ‘गॉट इट. टेक केअर ऑफ हिज मेड्स.’ मी तो बाबांना वाचून दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि स्वतः वाचला.

काल आम्ही त्या जागी गेलो होतो. बरोबर विक्रम होता. हा मूळचा नागपूरचा मुलगा, इथे युनिव्हर्सिटीत कीटकशास्त्र शिकवतो. बाबांनी त्याला नमुने दाखवले तेव्हापासून तो या कामात आहे, डीएनएचं सगळं तोच बघतो. बाबांना त्यानं घडीची खुर्ची टाकून दिली आणि मी गुडघाभर गवतात शिरले. पायाखाली पचपच पाणी. मागून न्यूयॉर्कची गाडी धाडधाड गेली की सगळं गवत झुकतं आणि परत उभं राहतं.

फेस शोधावा लागला नाही, जिकडेतिकडे होता. काडीनं थोडा बाजूला केला तर आत फिकट पिवळं, तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू. डोकं खाली, बूड वर, देठात सोंड खुपसून बसलेलं. बाबा खुर्चीतून ओरडले, “फेस पुसू नकोस उगाच! उघडं पडलं की वाळून मरतं ते.” मी फेस परत त्याच्यावर ओढला.

मोठा किडा मात्र दिसायला अगदी साधा. तपकिरी, पाठीवर एक फिकट पट्टा. असे डझनभर किडे आहेत म्हणे. वेगळेपण आत असतं, नराच्या पोटाच्या टोकाला. ते टोक कापायचं, कॉस्टिकच्या द्रावणात ठेवून मऊ आणि पारदर्शक करायचं, मग ग्लिसरीनच्या थेंबात घेऊन मायक्रोस्कोपखाली फिरवायचं. मी फिरवते आणि बाबा शेजारी बसून सांगतात.

“डावीकडे वळव. अजून. तिथे काटा आहे बघ, त्याला फाटे किती?”

“एकच आहे.”

“नीट बघ, सुचित्रा.”

“चाळीस वर्षं नीट बघायचाच पगार घेतला मी. एकच आहे.”

“मग आपलाच,” म्हणाले, आणि किती दिवसांनी हसले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा जेवताना ते म्हणाले, “नाव ठरलंय. नीली.” मला वाटलं निळा. म्हटलं, अहो, किडा तपकिरी आहे. तर म्हणाले, “लॅटिनमध्ये माणसाचं नाव दिलं की शेवट असा होतो. नीली म्हणजे नीलचा.”

मी उठून चहा टाकला. जेवणाच्या मध्यात.

तुला काय वाटतं? मला खरंच कळत नाहीये, म्हणून विचारतेय.

तुझी,
आई


वेस्ट विंडसर, ३० जून २०२४

प्रिय अनु,

तू फोन केलास, बरं झालं. इतक्या महिन्यांनी तुझा आवाज ऐकला, मग तो चढलेला का असेना.

पण तुला सांगायला हवं की स्पीकर चालू होता. माझे हात कणकेत होते आणि बाबा टेबलाशी बसले होते. “जिवंत होता तेव्हा त्याला घरात घेतलं नाही आणि आता एका बगला त्याचं नाव? आई, ही डझंट गेट टू डू दॅट. डोंट यू डेअर लेट हिम!” सगळं त्यांनी ऐकलं. तू फोन ठेवलास. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाले, “तिचं चुकलं नाही.” आणि वाटीतलं सूप संपवत बसले. त्यांना सूप संपवायला फार वेळ लागतो.

त्या दिवसाबद्दल आपण तिघं कधी बोललोच नाही. तुला जे कळलं ते अमेयकडून आणि विंडसरमधल्या चार घरांतून. मी हॉस्पिटलात ड्यूटीवर होते, पण मला बाबांनी सगळं सांगितलंय, एकदाच. ते तुला लिहिते. त्यांची बाजू मांडायला लिहीत नाहीये.

नील व्यसनमुक्ती केंद्रातून तिसऱ्यांदा मध्येच निघून आला होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या वेदनाशामक गोळ्यांनी सुरुवात झाली, पुढचं तुला माहीत आहे. केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, नशेत आला तर दार उघडायचं नाही. उघडलंत तर तुम्हीच त्याला मारताय. बाबांनी ते वाक्य धरून ठेवलं. शिस्तीचा माणूस, सांगितलेलं औषध वेळेवर घेणारा.

दुपारी तो आला. बर्फ पडून गेलेलं होतं. बाबांनी साखळी न काढता दार उघडलं. तो म्हणाला, “बाबा, आय जस्ट वॉन्ट टू स्लीप.” त्याचे डोळे बघून बाबा म्हणाले, “केंद्रात जा. शुद्धीवर आलास की ये, दार उघडंच आहे.” तो “ओके” म्हणाला. भांडला नाही, ओरडला नाही. ओके म्हणाला आणि गाडी काढली. केंद्र स्टेशनच्याच रस्त्याला आहे, तेव्हा तिकडेच गेला असं बाबांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघालेल्या एका बाईला पार्किंगमध्ये त्याची गाडी दिसली, काचा आतून गोठलेल्या.

तेव्हापासून बाबा दाराची साखळी लावत नाहीत. काढूनच टाकली.

नावाबद्दल तू जे म्हणालीस ते माझ्या लक्षात आहे.

तुझी,
आई


वेस्ट विंडसर, ८ डिसेंबर २०२४

प्रिय अनु,

थोडक्यात लिहिते, हॉस्पिटलात परत जायचंय.

बाबांचं गिळणं बिघडलंय. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. त्यातून न्युमोनिया झालाय, दोन्ही बाजूंना. नळी घालून जगवत ठेवायचं नाही हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय आणि मी ते पाळणार आहे. डॉक्टर म्हणून सांगते, यायचं असेल तर आता ये. आई म्हणून काही सांगत नाही.

लेख स्वीकारला गेला. परीक्षकांनी दोन चित्रं पुन्हा काढायला लावली, ती मी काढली. नावाचं काय करायचं ते मी बघते, तू त्याची काळजी करू नकोस. ज्या एका नमुन्यावर नाव कायमचं टांगलं जातं त्याला होलोटाइप म्हणतात. तो नर मीच कापला आहे. विक्रम तो म्युझियमला देऊन आला. ड्रॉवरमध्ये लाल चिठ्ठी लावून ठेवतात म्हणे.

शुद्धीवर असले की तुझं विचारतात. तुमच्या नोव्हायला बर्फ किती आहे, अनु गाडी जपून चालवते ना, असलं काहीतरी. बाकी काही नाही.

आई


वेस्ट विंडसर, १९ जानेवारी २०२५

प्रिय अनु,

तू पोचल्याचा मेसेज मिळाला. घर रिकामं झाल्यावर पहिल्यांदाच लिहायला बसलेय.

तू आलीस. ते गेल्यावर आलीस, पण आलीस. अग्नी द्यायचं बटण तू दाबलंस, कारण दाबायला दुसरं कोणी नव्हतं. तुझा चेहरा मी बघत होते. त्यावर काहीच दिसलं नाही मला.

निघायच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, “मला तो स्पॉट दाखव.” मला वाटलं होतं तू कधीच विचारणार नाहीस. आपण शेवटच्या ओळीत गाडी लावली. कुंपणापलीकडे सगळं गोठलेलं, वाळकं गवत बर्फातून वर आलेलं. तू विचारलंस, “बग्ज कुठे आहेत?” मी म्हटलं, आत्ता फक्त अंडी, देठांमध्ये. मेमध्ये दिसतील. तू बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसलीस, गाडी बंद असताना.

मग म्हणालीस, “नीलनं मला फोन केला होता. त्या दिवशी. इथूनच केला असेल. मी त्याला सांगितलं, मला सारखं मध्ये घालू नकोस, बाबांशी तूच बोल. आणि ठेवला.”

मी तुझ्या पाठीवर हात ठेवला तर तू म्हणालीस, “डोंट.” म्हणून काढून घेतला. तू रडली नाहीस, मीही नाही. आपण घरी आलो आणि तू बॅग भरलीस.

तू गेल्यापासून मी तुझं ते जुनं बोलणं, तो जूनमधला फोन, पुन्हा पुन्हा आठवतेय. तेव्हा मला वाटलं होतं तू फक्त बाबांवर चिडली आहेस.

मला काहीही वाटलेलं नाही, अनु. म्हणजे तुझ्याबद्दल वाईट काही वाटलेलं नाही. हे फोनवर सांगायचा प्रयत्न केला, पण तू विषय बदललास, म्हणून लिहून ठेवते. तू तुला हवं तेव्हा वाच.

तुझी,
आई


वेस्ट विंडसर, २२ जून २०२५

प्रिय अनु,

लेख छापून आल्यावर तुला लिंक पाठवली, तुझं उत्तर येईना. महिन्याभरानं परवा आलं. इतका मोठा मेसेज तू मला कधी पाठवला नव्हतास. मी तो छापून घेतलाय आणि समोर ठेवून उत्तर लिहितेय.

तू लिहिलंस की लिंक उघडल्यावर तू सरळ नाव शोधलंस. नीली कुठेच दिसेना, म्हणून पानाच्या खालपर्यंत गेलीस आणि परत वर आलीस. ‘पॅलुस्ट्रिस’ म्हणजे काय ते तुला गूगल करावं लागलं. दलदलीतला. असल्या नावाचे शेकडो किडे आणि झाडं आहेत जगात. तू लिहिलंस, ‘आई, मी रागात बोलले होते. मला वाटलं तू माझं ऐकणार नाहीस. नेहमीसारखं. आता बदलता येईल का?’

येत नाही, अनु. तुझा मेसेज वाचल्या वाचल्या मी विक्रमला फोन केला. छापून आलेलं पहिलं नाव तेच राहतं, नियमच आहे तसा. लिहिणाऱ्याला पश्चात्ताप झाला म्हणून बदलत नाही. स्पेलिंगची चूक असेल तर दुरुस्त करतात. ही स्पेलिंगची चूक नाही.

आता जे मी कुणालाच सांगितलेलं नाही ते तुला सांगते. लेखाची सुधारलेली प्रत पाठवायची होती तेव्हा बाबा हॉस्पिटलात होते. मी त्यांच्या उशाशी लॅपटॉप घेऊन बसले आणि जिथे जिथे नीली होतं तिथे पॅलुस्ट्रिस घातलं. विक्रमला आधी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “काकू, काकांना विचारलंत ना?” मी म्हटलं, हो. मग तो म्हणाला, “ठीक आहे, तुम्ही दोघं ठरवाल तसं.”

बाबांना शेवटच्या आठवड्यात एकदा चांगली जाग आली. मी कापसानं त्यांचे ओठ ओले करत होते. त्यांनी विचारलं, “गेला लेख?” मी म्हटलं, गेला. “नाव?” त्यांचं बोलणं तेव्हा फार पुसट झालं होतं, ओठांवरून ओळखावं लागायचं. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, “नीली.” त्यांनी दोनदा मान हलवली. त्यांची मान आपोआपही हलायची, तेव्हा ती त्यांनी हलवली की आजारानं, मला सांगता येणार नाही.

मी हे तुझ्यासाठी केलं. तुला त्या नावाचा त्रास होणार नाही, एक दिवस तू घरी येशील, असा काहीतरी हिशेब माझ्या डोक्यात होता. तुला एका शब्दानं विचारलं असतं तर झालं असतं. आपण पार्किंगमध्ये शेजारी शेजारी बसलो होतो तेव्हाही वेळ गेलेली नव्हती, लेख छापायचा बाकी होता. तू नाव काढलं नाहीस आणि मीही नाही. तू मला नीलच्या फोनचं सांगितलंस, तर मला वाटलं, आता तर हिला ते नाव मुळीच सोसणार नाही.

मागच्या शनिवारी विक्रमबरोबर तिथे गेले होते. पार्किंग वाढवताहेत. कुंपण काढलंय, रुळांच्या कडेनं चर खणून पाइप टाकलेत आणि पाणी सगळं ओढून नेलंय. गवताचा एक पट्टा अजून उभा आहे, पण मुळाशी माती भेगाळलेली. आम्ही सकाळभर शोधलं. फेस कुठेच नव्हता. एका काडीवर पांढरं काही दिसलं म्हणून मी धावत गेले, तर ते खरोखरच कामावरच्या कोणा माणसाचं थुंकणं होतं. विक्रम म्हणाला, “काकू, दुसरीकडे कुठे असेलही. अजून कुणी शोधलंय कुठे?” त्याला तसं म्हणावं लागलं.

तेव्हा आता तो किडा बहुतेक नाहीच. ड्रॉवरमध्ये टाचणीवर आहेत तेवढेच, आणि त्यांच्यावरचं नाव कुणालाच हवं नव्हतं. बाबांना नाही, तुला नाही, मला तर नाहीच. मला नीली हवं होतं. हे मी बाबांना सांगितलं नाही, तुलाही नाही. चहा टाकायला उठले होते तेव्हाच मला ते हवं होतं.

तू विचारलंस की मी नोव्हायला येऊन राहीन का. येईन, ऑगस्टमध्ये. कायमची नाही, बघू. अमेयला म्हणावं खालची खोली पुरे, जिने नकोत.

आल्यावर तुला एक विचारणार आहे, आत्ताच सांगून ठेवते म्हणजे तुझी तयारी होईल. नीलनं फोन केला होता त्यातलं तू मला फक्त तुझं बोलणं सांगितलंस. तू काय म्हणालीस ते मला कळलं. तो काय म्हणाला ते तू सांगितलं नाहीस. बाबांकडे त्याचं दारातलं बोलणं होतं. माझ्याशी तो शेवटचा काय बोलला हे मला आठवत नाही, मी फार आठवून बघितलंय. तुझ्याकडे आहे ते मला हवंय. वाईट असलं तरी चालेल. त्यानं शिवी दिली असेल, रडला असेल, मला काही बोलला असेल, कसंही असो. थोडक्यात नको, अर्थ सांगू नकोस. तो जसा बोलला तसं, इंग्रजीत असेल तर इंग्रजीत, त्याच्या शब्दांत सांग.

तुझीच,
आई